पक्षी अलीला दिसला, नाव वॉलेसचं लागलं

या भागाचा मजकूर बऱ्याच जणांनी मागितला होता, कारण त्यात नावं फार आहेत आणि ती ऐकताना निसटतात. म्हणून बोललो तसंच, थोडं झाडूनपुसून इथे टाकतोय.

पहाटेचे चार वाजलेत असं समजा. जागा : इंडोनेशियातलं हल्माहेरा बेट, सुलावेसी आणि न्यू गिनीच्या मधलं. नकाशात बघा, इंग्रजी ‘के’ अक्षर वेडंवाकडं काढल्यासारखं दिसतं. कपाळावर टॉर्च बांधून पाच-सहा पर्यटक एका माणसामागून चिखलातून चढतायत. त्यांच्या गळ्यात लाख-लाखाच्या दुर्बिणी, त्याच्याकडे बहुतेक एक कोयता. तो थांबला की सगळे थांबतात. तो हाताने खुणावतो : टॉर्च बंद. मग अंधारात नुसतं बसायचं. उजाडायला लागलं की वर झाडांच्या शेंड्यांत कर्कश ओरडा सुरू होतो आणि तपकिरी रंगाचे पक्षी हवेत उडी मारून पॅराशूटसारखे खाली यायला लागतात. छातीवर हिरवी चमकदार ढाल आणि प्रत्येक पंखातून दोन-दोन लांब पांढरी पिसं वर उभी, झेंड्याच्या काठीसारखी. ही नरांची नाचायची जागा. माद्या येऊन बघतात, निवड करतात, जातात.

मी स्वतः तिथे गेलेलो नाही. पण लोकांचे ट्रिप रिपोर्ट वाचायचा मला नाद आहे, आणि त्यात एक गोष्ट सारखी खटकते. पक्ष्याचं नाव असतं, कॅमेऱ्याच्या लेन्सचा नंबर असतो, आणि ज्याने अंधारात नेमक्या झाडाखाली नेऊन बसवलं तो बऱ्याचदा नुसता ‘आमचा लोकल गाइड’ असतो.

या पक्ष्याचं नाव आहे वॉलेसेज स्टँडर्डविंग. आल्फ्रेड रसेल वॉलेस, उत्क्रांतीची कल्पना डार्विनसोबत १८५८ मध्ये जगापुढे मांडणारा निसर्गशास्त्रज्ञ, त्याच्यावरून. पण वॉलेसला हा पक्षी सापडला नव्हता. त्याला तो आणून दिला होता.

आणून देणारा होता अली. सारावाकचा, म्हणजे बोर्निओ बेटावरचा, मलय मुलगा. वॉलेसने १८५५ च्या सुमारास त्याला स्वयंपाकाला ठेवलं, तेव्हा तो पंधरा-सोळाचा असावा. हळूहळू तो बंदूक चालवायला शिकला, मग पक्ष्याचं कातडं पिसांसकट सोलून सुकवायला शिकला, मग नव्याने आलेल्या पोरांना ते शिकवायला लागला. ऑक्टोबर १८५८ मध्ये दोघं हल्माहेराच्या शेजारच्या बाचान बेटावर होते. एका संध्याकाळी अली कमरेच्या पट्ट्याला पक्षी लटकवून परत आला आणि म्हणाला, बघा साहेब, काय विचित्र पक्षी आहे. वॉलेसला आधी कळेचना की पंखातून बाहेर आलेली ही पांढरी पिसं म्हणजे काय प्रकार आहे. कळलं तेव्हा तो हरखून गेला : हा तर स्वर्गपक्ष्याचा एक अगदीच वेगळा, नवा प्रकार! नमुना लंडनला गेला, ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज रॉबर्ट ग्रे यांनी १८५९ मध्ये त्याचं बारसं केलं, आणि नावात वॉलेस गेला.

माझ्या धंद्यातलं सांगतो. गिटमध्ये कोड साठवताना दोन वेगळ्या जागा असतात : कोड लिहिला कोणी आणि कमिट केला कोणी. दोन्ही नावं शेजारी-शेजारी राहतात. जीवशास्त्राच्या नामकरणात ही पहिली जागाच नाही. वॉलेसच्या बाजूने एवढं म्हणावंच लागेल की त्याने लपवलं नाही. पक्षी अलीने आणला हे त्याने स्वतःच १८६९ च्या आपल्या पुस्तकात लिहिलंय. ते लिहिलं नसतं तर आज हा भागच झाला नसता.

आता ‘स्वर्गपक्षी’ शब्दाबद्दल. बर्ड ऑफ पॅराडाइजला मी सोयीसाठी तसं म्हणतोय. आपल्याकडचा पांढऱ्या लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक वेगळा, त्याच्याशी गल्लत नको. स्वर्गपक्ष्यांच्या चाळीसएक जाती आहेत, जवळपास सगळ्या न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर. मलय व्यापारी त्यांना ‘मानुक देवाता’ म्हणायचे. यातला ‘देवाता’ म्हणजे आपलीच देवता, संस्कृतातून तिकडे गेलेली. देवाचे पक्षी.

युरोपात त्यांची पहिली कातडी पोचली १५२२ मध्ये, मॅगेलनच्या मोहिमेतून परत आलेल्या एकुलत्या एका जहाजावरून. बाचानच्या सुलतानाने स्पेनच्या राजासाठी ती भेट दिली होती. बेटांवरचे शिकारी कातडं कमवताना पाय कापून टाकत. त्यामुळे युरोपात समज पसरला की या पक्ष्यांना पायच नसतात, ते आयुष्यभर हवेतच तरंगतात आणि मेल्यावरच जमिनीवर पडतात. गंमत म्हणजे त्याच जहाजावरच्या पिगाफेट्टा नावाच्या माणसाने पाय असल्याचं स्पष्ट लिहून ठेवलं होतं, बोरूसारखे बारीक पाय! पण कथा जास्त छान होती. फेक न्यूजला व्हॉट्सॲप लागत नाही.

या कथेला हवा भरणाऱ्यांत गोव्यात राहिलेला एक माणूस आहे. यान ह्युइगेन व्हान लिन्सखोटेन, डच. १५८३ ते १५८८ तो गोव्यात पोर्तुगीज आर्चबिशपचा सचिव होता आणि तिथे बसून त्याने पूर्वेकडच्या व्यापाराची मिळेल ती माहिती जमवली. परत गेल्यावर लिहिलेल्या पुस्तकात त्याने हे स्वर्गाचे पक्षी आणले. त्यांना पाय नाहीत, आणि पुरावा काय, तर भारतात येणारी कातडी बघा. म्हणजे माल पोचला होता, माल कसा तयार होतो ते पोचलं नव्हतं. पुढे १७५८ मध्ये लिनियसने मोठ्या स्वर्गपक्ष्याला शास्त्रीय नावच दिलं ‘अपोडा’, बिनपायाचा. ते आजही तसंच आहे. आणि जंगलात जिवंत स्वर्गपक्षी बघणारा पहिला युरोपीय निसर्गशास्त्रज्ञ म्हणून ज्याचं नाव घेतात तो फ्रेंच रने लेसन, तो न्यू गिनीला पोचला १८२४ मध्ये. तीनशे दोन वर्षं! एवढ्या काळात झाडाखालच्या माणसाबरोबर कुणी एक पहाट काढली असती तर पाय दिसले असते.

झाडाखालचा माणूस काय करत होता, ते वॉलेसने १८५७ मध्ये आरू बेटांवर विचारून घेतलं. तिथे त्याला पहिला राजा स्वर्गपक्षी, लालबुंद, हाताच्या पंजात मावेल एवढा, बडेरून नावाच्या त्याच्या मकासरी पोऱ्याने मारून आणून दिला. तो पक्षी हातात घेऊन वॉलेसने जे लिहिलं ते मला त्याच्या सगळ्या शास्त्रापेक्षा जास्त लक्षात राहिलंय. इतकी पिढ्यान्‌पिढ्या ही सुंदर गोष्ट कुणी बघायला नसताना इथे जगत आली, आणि सुधारलेला माणूस इथे पोचला की त्याच्यामुळेच ती बहुतेक संपेल, असं काहीसं. आणि पुढे, की सगळे जीव माणसासाठी केलेले नाहीत. हे लिहिणारा माणूस पक्षी मारून, विकून पोट भरत होता, हेही विसरू नका.

मोठ्या स्वर्गपक्ष्याची शिकार अशी चाले. नर ठरावीक झाडांवरच नाचायला जमतात. पसरलेल्या फांद्यांची, विरळ पानांची उंच झाडं. एका झाडावर बारा ते वीस नर. आरूचे लोक या जमण्याला ‘साकालेली’ म्हणत. शिकारी आधी त्या झाडात पानांची छोटीशी खोपी करायचा, उजाडण्यापूर्वी तिच्यात जाऊन बसायचा आणि पक्षी नाचात गुंग झाले की बाण मारायचा. बाणाला टोक नाही. पुढे चहाच्या कपाएवढी लाकडी टोपी, म्हणजे पक्षी नुसत्या माराने पडेल, रक्त सांडून पिसं खराब होणार नाहीत. खाली एक पोरगा उचलायला.

आता परत त्या पहाटे चारच्या पर्यटकांकडे या. कुठलं झाड, कुठला महिना, किती वाजता पोचायचं, आडोसा कसा बांधायचा म्हणजे पक्षी बुजणार नाही. जवळपास तीच यादी आहे, फक्त बाण काढून टाकलाय.

१८६० मध्ये वॉलेस लाल स्वर्गपक्ष्यासाठी वायगेओकडच्या बेसिर गावात राहिला. घर म्हणजे आठ फूट लांबी-रुंदीची झोपडी, छप्पर इतकं खाली की नीट उभंही राहता येत नसे. इथले लोक बाण वापरत नव्हते. पक्ष्याला आवडणारं एक लाल फळ ते काठीला बांधत आणि भोवती दोरीचा फास असा लावत की पक्षी खायला बसला की पाय अडकावा. वॉलेसने कुऱ्हाडी, सुऱ्या, कापड असं आगाऊ देऊन टाकलं आणि लोक जंगलात निघून गेले. आपल्याला वाटतं की गेले पैसे. पण त्याची निघायची वेळ झाली तेव्हा एकजण पक्षी घेऊन धावत आला, हातात दिला आणि समाधानाने म्हणाला, आता मी तुमचं काही देणं लागत नाही. त्याचं नाव पुस्तकात नाही.

त्यानंतरचा काळ वाईट आहे आणि मी तो भरभर सांगतो. १८८० नंतर पॅरिस, लंडन, न्यू यॉर्कच्या बायकांच्या टोप्यांवर पिसांची फॅशन चढत गेली आणि दर वर्षी हजारोंनी स्वर्गपक्ष्यांची कातडी बाहेर जायला लागली. तर्नाते हे छोटं ज्वालामुखीचं बेट त्या व्यापाराचा एक अड्डा होतं. विरोध उभा केला तोही बायकांनीच. इंग्लंडमध्ये एमिली विल्यमसन यांनी १८८९ मध्ये पिसं न वापरणाऱ्यांची संघटना काढली, तीच आजची आरएसपीबी. अमेरिकेने १९१३ मध्ये पिसांच्या आयातीवर बंदी घातली, ब्रिटनने १९२१ चा कायदा केला. टोपीची फॅशन गेली, गिऱ्हाईक गेलं, जंगलातला शिकारी तिथेच राहिला. त्याला कुणी विचारलं नव्हतं, आधीही नाही आणि नंतरही नाही.

त्याच्याकडे पुन्हा बाहेरचे पैसे आले ते दुर्बीणवाल्यांबरोबर. डेव्हिड अॅटनबरो १९५७ मध्ये न्यू गिनीत स्वर्गपक्ष्यांचं चित्रीकरण करून आले, पण टीव्ही तेव्हा कृष्णधवल होता! रंग नसलेले स्वर्गपक्षी, विचार करा. मग रंगीत फिल्म आल्या, टिम लेमन आणि एडविन शोल्स या जोडीने २००४ पासून आठेक वर्षं खपून तेव्हा माहीत असलेल्या सगळ्या ३९ जातींचे फोटो काढले, आणि ते बघून जगभरचे लोक निघाले. आज वायगेओवर विल्सन्स स्वर्गपक्षी बघायला पानांच्या आडोशात बसवतात. हा नर जमिनीवरचा आपला नाचायचा चौक झाडून लख्ख ठेवतो, एक पान पडलेलं त्याला खपत नाही. म्हणून त्याला बोलवायचं तर चौकात एक हिरवं पान टाकायचं आणि गप्प बसायचं. तो वैतागून येतो, पान उचलून बाजूला फेकतो. ही युक्ती अॅटनबरोंच्या कॅमेऱ्यासमोर जगाने बघितली, पण पक्ष्याचा टापटीपपणा तिथल्या जंगलात वावरणाऱ्यांना आधीपासून ठाऊक असणारच.

हिशोब साधा आहे. मेलेला पक्षी एकदाच विकला जातो, जिवंत पक्षी रोज सकाळी. न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवर बऱ्याच ठिकाणी पूर्वी शिकार करणारेच आता वाट दाखवतात, आडोसे बांधतात, आणि आपल्या कुळाच्या जमिनीवर येणाऱ्यांकडून फी घेतात. पण हे ऐकून फार खूश होऊ नका. ट्रिपचे हजारो डॉलर परदेशातल्या कंपनीच्या खात्यात आधीच भरलेले असतात आणि झाडाखालच्याला रोजंदारी मिळते. शिवाय पक्षी वाचवणं एका गाइडच्या हातात नसतं. आरू बेटांवर सुमारे पाच लाख हेक्टरवर ऊस लावायची योजना आली होती. तिथल्या लोकांनी, तरुणांनी, फोनवरून ‘सेव्ह आरू’ हा हॅशटॅग फिरवत ती लढवली आणि २०१४ मध्ये सरकारला मागे हटावं लागलं. हल्माहेरावर मात्र निकेल आहे. स्टेनलेस स्टीलला लागतं, इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीला लागतं. बेटावर २००४ पासून आकेताजावे-लोलोबाता नॅशनल पार्क आहे, आणि त्याच बेटावर वेदाच्या उपसागराकाठी खाणी आणि निकेलचे प्रचंड कारखानेही आहेत. पुढची गाडी इलेक्ट्रिकच घ्यायची असं मीही ठरवलंय, त्यामुळे इथे मला मोठ्याने बोलता येत नाही.

अलीचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला रेकॉर्डिंगनंतर तिघांनी विचारला. तर, प्रवासातच त्याचं तर्नातेत लग्न झालं. १८६२ मध्ये वॉलेस सिंगापूरहून इंग्लंडला निघाला तेव्हा त्याने अलीला पैसे, दोन दुनळी बंदुका आणि दारूगोळा दिला, आणि त्याचा एक फोटो काढून घेतला. युरोपीय कपड्यांतला, थोडा अवघडलेला तरुण. वॉलेसने तो फोटो त्रेचाळीस वर्षं सांभाळला आणि १९०५ च्या आत्मचरित्रात छापला.

हल्माहेराला स्टँडर्डविंग बघायला जाणारे आजही बहुतेक करून विमानाने आधी तर्नातेला उतरतात आणि तिथून बोटीने पलीकडे जातात. त्याच तर्नातेत १९०७ मध्ये थॉमस बार्बर नावाचा तरुण अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आला होता. रस्त्यात त्याला एक सुरकुतलेला म्हातारा मलय माणूस भेटला. त्याने स्वतःची ओळख करून दिली. म्हणाला, मी अली वॉलेस.