पायथनच्या आधीचा डेटा सायंटिस्ट

आजचा भाग रोह्याच्या अलीकडच्या निडीहून रेकॉर्ड करतोय. मध्येच दिवा-रोहा गाडीचा भोंगा आला तर सांभाळून घ्या.

"पायथनमध्ये डेटा सायन्स शिकायचंय, सुरुवात कुठून करू?" असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर जरा वाकडं आहे. दामोदर धर्मानंद कोसंबींपासून करा. १९०७ साली गोव्यात जन्मलेले हे गणिती पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे. तेव्हा त्यांना एका कोड्यानं पछाडलं. आपली सर्वात जुनी आहत नाणी म्हणजे ठसे मारलेले चांदीचे तुकडे. त्यावर ना राजाचं नाव, ना साल. मग आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं?

कोसंबींनी काटा घेतला. नाणं हातोहाती फिरलं की झिजतं. एका नाण्यावरून काही कळत नाही, कारण टाकसाळीतूनच वजन थोडं कमी-जास्त निघतं. पण एका गटाची सरासरी काढली, की ती काळाबरोबर उतरताना दिसते. मॉडेल बरोबर आहे का, हे तपासायला त्यांनी साल छापलेली, चलनातली आधुनिक नाणीही ढिगानं तोलली. आपल्या भाषेत, उत्तरं माहीत असलेला डेटा!

मग तक्षशिलेची ठेव. १९२४ मध्ये सापडलेली, हजारावर नाण्यांची. नाण्यांच्या मागच्या बाजूला बारीक ठसे होते, ते बहुधा तपासणाऱ्या सराफांचे. कोसंबींना दिसलं, की मागचे ठसे जितके जास्त, तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे ठसे हेच घड्याळ. १९४० पासून हे निष्कर्ष छापून येऊ लागले. पायथन आलं १९९१ ला, पांडाज २००८ मध्ये सुरू झालं.

आज हे 'ग्रुपबाय', 'मीन' आणि एका स्कॅटर प्लॉटचं काम आहे, पाच ओळी फार तर. पण मला खरी हुशारी वाटते ती वेगळीच. जमिनीत पुरलेलं नाणं झिजायचं थांबतं, म्हणजे त्याचं घड्याळ बंद. एका ठेवीतली नाणी एकाच वेळी पुरलेली, म्हणून त्यांची आपसात तुलना चालते. वेगवेगळ्या ठेवी एकाच टेबलात ओतल्या असत्या, तर ग्राफ छान आला असता आणि अर्थ शून्य. हे कुठलीही लायब्ररी सांगत नाही.

करून बघायचंय? ओळखीच्या दुकानदाराकडून पाचची नाणी घ्या. वजन सोनाराच्या काट्यावर करा, किचनच्या काट्याला हा फरक कळणार नाही. आणि जुनं जाड नाणं ९ ग्रॅमचं, नंतरचं ६ ग्रॅमचं. त्यांची सरासरी एकत्र काढू नका.