भात्यावरची वीट

ऑर्गन बांधणाऱ्याला सुरांपेक्षा जास्त छळतो तो वारा. भाता जोरात दाबला की सूर चढतो, हात सैलावला की उतरतो.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टेसिबियसने यावर पाण्याचा उतारा काढला. पाण्यात पालथ्या ठेवलेल्या भांड्यात हवा भरायची. भोवती चढलेलं पाणी तिला सारखं दाबून धरायचं. पुढे कातडी भाते आले आणि माणसं राबू लागली. जर्मनीतल्या हाल्बरश्टाटच्या १३६१ च्या ऑर्गनला २० भाते होते आणि ते तुडवायला १० माणसं, असं जर्मन संगीतकार प्रेटोरियसने सतराव्या शतकात लिहून ठेवलंय. ऐकणाऱ्यांना त्यांची नावं कोण सांगणार!

मग साठवणीचा भाता आला. वरच्या फळीवर वजन ठेवायचं. घरी ऑर्गन करणारे हौशी सरळ विटा रचतात. पण भाता मिटताना घड्यांमुळे दाब बदलतो. एक घडी बाहेर, दुसरी उलटी आत, ही तोड काढण्याचं श्रेय लंडनच्या अलेक्झांडर कमिंगला देतात. साल १७६२. गडी पेशाने घड्याळजी!

दाब मोजायला वाकवलेल्या नळीत रंगीत पाणी पुरतं. दोन्ही बाजूंच्या पातळीत साठ-सत्तर मिलिमीटरचा फरक दिसला की काम झालं.

आपल्या हातपेटीत वीट नसते. तिथे आतल्या भात्याला स्प्रिंगा रेटतात.