बोलण्याची पाळी : बेंगळुरूतील एका बालमेळाव्याची आखणी

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी मंडळे जे कार्यक्रम घेतात, त्यांत मुले फारच थोडे बोलतात. ४० मुलांनी प्रत्येकी २ मिनिटे पाठ केलेले म्हटले, तर ८० मिनिटे जातात आणि त्यांतली ७८ प्रत्येक मूल गप्प बसते. उरलेली दोनही आईने बसवून घेतलेली! पाठांतराला आपले मोल आहे. पण मौखिक भाषा वाढते ती ऐकून उत्तर देण्याने, न समजल्यास पुन्हा वेगळे सांगून पाहण्याने. एमआयटीतील संशोधकांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कानांवर किती शब्द पडले यापेक्षा मोठ्यांशी किती वेळा आळीपाळीने बोलणे झाले, याचा मेंदूतील भाषाकेंद्राच्या कार्याशी अधिक जवळचा संबंध त्यात आढळला. नमुना लहान आहे. तरी मेळाव्याचे माप काय असावे, हे त्यावरून ठरवता येते : प्रत्येक मुलाला बोलण्याच्या किती पाळ्या मिळाल्या?

बेंगळुरूत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या शिंपी, भावसार, मराठा कुटुंबांच्या मराठीत कानडी मुरलेली आहे. नोकरीसाठी पुण्या-नागपुराहून आलेल्यांच्या घरी सांभाळणारी बाई कानडी किंवा तमिळ बोलते, सोसायटीच्या आवारात हिंदी चालते आणि प्लेस्कूलमध्ये इंग्रजी. ‘आज फक्त शुद्ध मराठी’ असा दंडक घातला की दोन्हीकडची मुले मिटतात. मूल अर्धे वाक्य कानडीत बोलले तर ते समजून घ्यावे आणि उत्तर सहज, पूर्ण मराठीत द्यावे. ‘असं नाही म्हणायचं’ हे वाक्य कार्यकर्त्यांनी त्या दिवसापुरते घरी ठेवावे.

विषय म्हणून संक्रांत उत्तम. आपला तिळगूळ आणि इथला एळ्ळु-बेल्ल शेजारी ठेवता येतात. तीळ, गूळ, सुके खोबरे, शेंगदाणे, डाळे ही एळ्ळु-बेल्लाची सामग्री वाट्यांत मांडून मुलांना ती मिसळू द्यावी. हात कामात असले की तोंड आपोआप सुटते. ‘हा कुठला रंग?’ असले परीक्षेचे प्रश्न टाळावेत. ‘गूळ फुटत नाहीये, आता काय करूया?’ असे विचारून थांबावे. हे थांबणेच मोठ्यांना जमत नाही. मनात पाच अंक मोजावेत. एका मोठ्यामागे पाच-सहाच मुले असली तरच हे साधते. म्हणून आधी कार्यकर्ते मोजावेत, मग नावे नोंदवावीत.

सर्वसमावेशकता इथेच, तपशिलात ठरते. शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी आधी विचारावी. अख्खे दाणे लहानग्यांच्या घशात अडकू शकतात, त्यामुळे कूटच बरा. चिकट स्पर्श नकोसा वाटणाऱ्या मुलाला चमचा द्यावा. श्रवणयंत्र वापरणाऱ्या मुलाला घुमणाऱ्या हॉलमध्ये माइक आणि ढोल यांचा नुसता गोंगाट ऐकू येतो. सतरंज्या, पडदे आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड हे स्वस्त उपाय आहेत. न बोलणाऱ्या मुलाने चित्रकार्डावर बोट ठेवले, तर तीही पाळीच धरावी. अडखळणाऱ्याचे वाक्य कोणी पूर्ण करू नये. एक कोपरा शांत असावा. बक्षिसे नकोत. वाचा आणि भाषेचे अपंगत्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेले आहे, पण आमंत्रणपत्रिकेत ‘विशेष मुलांसाठी वेगळी रांग’ छापणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो.

गोष्टीसाठी बेंगळुरूच्याच प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेले स्टोरीवीव्हर हे बालपुस्तकांचे संकेतस्थळ हाताशी आहे. अनेक पुस्तके मराठीत आणि कानडीत दोन्हींत विनामूल्य मिळतात. चित्रे दाखवत थोडेच वाचावे आणि पुढचे मुलांकडून काढून घ्यावे.

पालकांसाठी एक टेबल हवे, निदानासाठी मात्र नको. तीन वर्षांचे मूल दोन शब्दही जोडत नसेल, तर ‘घरात चार भाषा आहेत म्हणून’ हे कारण पुरेसे नाही. अनेक भाषा ऐकल्याने वाचादोष उद्भवत नाही. आधी श्रवणचाचणी. लिंगराजपुरम भागात डॉ. एस. आर. चंद्रशेखर वाक्‌-श्रवण संस्था आहे. तिचा पत्ता त्या टेबलावर लिहून ठेवावा.