पेशीतला पिनकोड : पाहुण्या जीवाणूपासून सोनेरी तांदळापर्यंत

🧵 १/ १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. त्याची योजना आखली टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. योगायोग असा की, त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये एक शास्त्रज्ञ सजीव पेशीतल्या 'पिनकोड'चा शोध घेत होता. आजचा धागा त्या शोधाच्या इतिहासाचा आहे.

२/ प्रारंभ मात्र फार मागे जातो. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी एका पेशीने प्रकाशावर अन्न तयार करणारा सायनोबॅक्टेरिया गिळला. तो पचला नाही, तिथेच नांदू लागला. त्याचेच वंशज म्हणजे वनस्पतींच्या पानांतील हरितलवके. १९०५ मध्ये रशियन शास्त्रज्ञ मेरेश्कोव्स्की यांनी हा विचार मांडला, परंतु तो दीर्घकाळ उपेक्षित राहिला.

३/ १९६७ मध्ये लिन मार्गुलिस यांनी (तेव्हाचे नाव लिन सेगन) तो पुन्हा मांडला. अनेक नियतकालिकांनी नाकारल्यानंतरच त्यांचा निबंध छापला गेला. पुढे पुरावे मिळत गेले आणि कालची उपेक्षित कल्पना आजच्या पाठ्यपुस्तकात स्थिरावली.

४/ यातूनच एक कोडे उभे राहिले. काळाच्या ओघात या पाहुण्याची बहुतेक जनुके यजमानाच्या केंद्रकात गेली. १९८६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी तंबाखूच्या हरितलवकाचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचला, तेव्हा त्यात शे-सव्वाशेच जनुके आढळली. लवकाला प्रथिने तर दोन-तीन हजार लागतात! उरलेली बाहेर, पेशीद्रवात तयार होतात. मग ती नेमक्या घरी पोहोचतात कशी?

५/ उत्तराची दिशा दाखवली गुंटर ब्लोबेल यांनी. पेशीबाहेर जाणाऱ्या प्रथिनांच्या टोकालाच त्यांचा पत्ता लिहिलेला असतो, असे गृहीतक त्यांनी १९७१ मध्ये डेव्हिड साबातिनी यांच्यासह मांडले. १९७५ मध्ये त्याला प्रयोगाचा भक्कम आधार मिळाला. १९९९ मध्ये याच कार्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक लाभले.

६/ लवकांचे काय? १९७७-७८ मध्ये रुबिस्को या विकराच्या लहान घटकावर प्रयोग झाले. हे प्रथिन आधी थोडे लांब तयार होते. पूर्ण झाल्यावर ते लवकाच्या आवरणातून आत शिरते आणि आत गेल्यावर टोकाचा जादा भाग कापला जातो. पत्र पोहोचले की पाकीट फाडावे, तसे! या पत्त्याला 'ट्रान्झिट पेप्टाइड' म्हणतात. या कामात नाम-हाय चुआ आणि जॉन एलिस यांच्या प्रयोगशाळा अग्रेसर होत्या.

७/ खरी कलाटणी १९८५ ची. बेल्जियममधील घेंट येथे मार्क व्हॅन माँटेग्यू, लुईस हेरेरा-एस्ट्रेला व सहकाऱ्यांनी हा पत्ता एका जीवाणूच्या प्रथिनाला जोडला. तंबाखूच्या पेशीने ते परके प्रथिन निमूटपणे हरितलवकात पोहोचवले. पेशी पत्ता पाहते, पत्रातला मजकूर वाचत नाही, हे सिद्ध झाले.

८/ याचा पहिला मोठा व्यापारी उपयोग तणनाशकासाठी झाला. ग्लायफोसेट ज्या विकराला निकामी करते, तो लवकात काम करतो. म्हणून ग्लायफोसेटला दाद न देणारा जीवाणूचा विकर पिटुनियाच्या पत्त्यासह सोयाबीनमध्ये घालण्यात आला. १९९६ मध्ये हे बियाणे अमेरिकेच्या शेतांत उतरले.

९/ दुसरा उपयोग कुपोषणाविरुद्ध. २००० मध्ये इंगो पोट्रिकुस आणि पीटर बायर यांनी सोनेरी तांदूळ जाहीर केला. दाण्यात बीटा-कॅरोटीन तयार व्हावे यासाठी डॅफोडिलची जनुके घेतली. ती वनस्पतीचीच असल्याने त्यांना स्वतःचा पत्ता होता. जीवाणूच्या जनुकाला मात्र वाटाण्याच्या रुबिस्कोचा पत्ता जोडावा लागला.

१०/ पहिल्या तांदळात ग्रॅममागे १.६ मायक्रोग्रॅम कॅरोटिनॉइड होते. २००५ मध्ये डॅफोडिलऐवजी मक्याचे जनुक वापरल्यावर हे प्रमाण ३७ पर्यंत गेले. २०२१ मध्ये फिलिपिन्सने लागवडीस परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये मात्र तेथील अपील न्यायालयाने सुरक्षिततेचा पुरावा मागत ती थांबवली.

११/ हा वाद आपल्याही दारात आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहागीर येथे शेतकऱ्यांनी मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील कापूस बियाणे उघडपणे पेरले. फिलिपिन्समध्ये शेतकऱ्यांच्या संघटना न्यायालयात विरोधासाठी उभ्या होत्या, तर येथे शेतकरीच बियाण्यासाठी कायदा मोडत होते. 'शेतकऱ्यांची भूमिका' असे एकवचनात लिहिताना इतिहासाच्या विद्यार्थ्याने हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत.

१२/ प्रथिन कुठे पोहोचवायचे, हे विज्ञानाला चाळीस वर्षांपूर्वी उमगले. ते बियाणे कोणाच्या शेतात, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या किमतीला पोहोचावे, हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नाही. त्याची कागदपत्रे न्यायालयांत, मंत्रालयांत आणि बांधांवर आजही तयार होत आहेत. ती जपून ठेवणे, हे आपल्या पिढीचे काम. आपले मत अवश्य कळवा. 🌾