शिसपेनीतलं काळं आणि रंगाचं पाणी

आठवीच्या वर्गात शब्दांच्या घडणीवर बोलत होतो. फळ्यावर ‘शिसपेन’ लिहिलं आणि म्हणालो, या शब्दात शिसं आहे, पेन्सिलीत मात्र नाही. आत असतं ते ग्राफाइट. तो कार्बनच आहे हे स्वीडनच्या शेले यांनी १७७९ साली दाखवलं, तरी जुनी समजूत शब्दात राहून गेली. मालेगावहून मामाकडे शिकायला आलेल्या मुलाने विचारलं, “सर, ग्राफीन म्हणजे हेच का? त्याने रंगाचं पाणी साफ होतं म्हणतात.”

मी भाषेचा मास्तर. उत्तर शोधण्यात आठवडा गेला.

गोष्ट सुरू होते एका पांढऱ्या पावडरीपासून. आपल्या ऑइलपेंटला पांढरेपणा देणारं टायटॅनियम डायऑक्साइड. १९६७ साली टोकियो विद्यापीठात अकिरा फुजिशिमा हा विद्यार्थी त्याच्या स्फटिकावर पाण्यात प्रकाश पाडत होता, तर बुडबुडे येऊ लागले. पाणी फुटून ऑक्सिजन निघत होता. गुरू केनिची होंडा यांच्यासह लिहिलेला लेख ‘नेचर’मध्ये यायला १९७२ उजाडलं. प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडतो, मागे रिकामी जागा राहते, आणि या दोघांच्या करणीने पाण्यातले रंगाचे रेणूही तुटतात. पण बहुतेक इलेक्ट्रॉन काही काम करण्याआधीच परत जागेवर जाऊन पडतात. शिवाय या पावडरीला लागतो अतिनील प्रकाश, तो उन्हात जेमतेम ४-५ टक्के.

इलेक्ट्रॉनला पळायला वाट हवी होती. २००४ मध्ये मँचेस्टरला गाईम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्राफाइटचा एका अणूइतका पातळ पदर सोलला. तो ग्राफीन. वीज त्यातून सहज वाहते. चार वर्षांनी अमेरिकेतल्या नोटर डेम विद्यापीठात प्रशांत कामत आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी दोन्ही एकत्र आणलं. कामत १९७९ चे मुंबई विद्यापीठाचे पीएच.डी. (मुलांना हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं.) अल्कोहोलमध्ये टायटॅनियमचे बारीक कण, सोबत ग्राफीन ऑक्साइड, वर अतिनील प्रकाश. फिकट तपकिरी द्रव काळा पडत गेला. कणांतले इलेक्ट्रॉन कार्बनवर गेल्याची ती खूण.

मग लेखांचा पूर आला. २०१० मध्ये चीनच्या झांग, शू आदी संशोधकांनी सरळच विचारलं, की हा मिश्रपदार्थ इतर कार्बनच्या मिश्रणांहून खरंच वेगळा आहे का? नीट तुलना केली तर मुळात फारसा फरक नाही, असं त्यांना आढळलं. सगळे वाहवा करत असताना असं विचारायला धाडस लागतं. मला या इतिहासात कामतांच्या काळ्या द्रवाइतकंच हे मोलाचं वाटतं.

गिरणा आमच्या कळवण तालुक्यातून पुढे मालेगावला जाते. त्या मुलाचे अब्बा तिथे रंगाईत कामाला आहेत. सगळं ऐकून तो म्हणाला, “सर, पाणी साफ झाल्यावर ती पावडर पाण्यातून काढायची कशी?”

संशोधकही तिथेच अडलेत. काचेवर, मण्यांवर ती चिकटवून बसवतात, पण मग पाण्याला तिचा स्पर्श कमी होतो आणि काम मंदावतं. एवढं मी त्याला सांगितलं. पुढचं विज्ञानाच्या सरांना विचारायला तो मधल्या सुट्टीत गेला.