डिझाइन थिंकिंगची कुळकथा : उल्म, स्टॅनफर्ड आणि सास्तूर

डिझाइन थिंकिंग ही नवी वस्तू, सेवा किंवा व्यवस्था घडवण्याची एक रीत आहे. तिची सुरुवात यंत्रापासून किंवा साहित्यापासून होत नाही, वापरणाऱ्या माणसापासून होते. आधी त्याचे जगणे जवळून पाहायचे, मग त्याची खरी अडचण नेमकी कोणती ते ठरवायचे, तिच्यावर अनेक तोडगे सुचवायचे, त्यांतल्या काहींचे स्वस्त व कच्चे नमुने करायचे आणि ते त्याच माणसाच्या हाती देऊन, तो काय म्हणतो ते ऐकून पुन्हा बदलायचे. पाठ्यपुस्तकांत या पाच पायऱ्या एकाखाली एक छापलेल्या असतात. प्रत्यक्षात काम पुढे-मागे होत राहते. नमुना हातात पडल्यावर कळते की अडचणच चुकीची पकडली होती, आणि सगळे पुन्हा पहिल्या पायरीवर येते.

या रीतीचे मूळ बहुतेक वेळा कॅलिफोर्नियात दाखवले जाते. ते तिचे अलीकडचे घराणे झाले. जुने घराणे जर्मनीत, उल्म गावी १९५३ मध्ये निघालेल्या डिझाइनच्या शाळेत सापडते. वस्तू सुंदर दिसली की डिझाइनरचे काम संपले, हे त्या शाळेला मान्य नव्हते. तिथे गणित, समाजशास्त्र आणि कार्यपद्धतीचा अभ्यास शिकवला जाई. १९५८ पासून पाच वर्षे तिथे शिकवणारे होर्स्ट रिटेल पुढे अमेरिकेत बर्कलीला गेले. १९७३ मध्ये त्यांनी मेल्विन वेबर यांच्यासोबत एक निबंध लिहिला. शहर वसवणे, गरिबी हटवणे यांसारख्या प्रश्नांना गणितासारखे एकच बरोबर उत्तर नसते, प्रश्न कसा मांडला यावरच उत्तर ठरते आणि ज्यांना परिणाम भोगायचे त्यांना वगळून तो मांडताच येत नाही, असे त्या निबंधाचे सांगणे होते. पुढच्या साऱ्या विचाराचा कणा हाच आहे. त्याआधी १९६२ मध्ये लंडनला डिझाइनच्या पद्धतींवर पहिली परिषद भरली होती, आणि १९६९ मध्ये हर्बर्ट सायमन यांनी मानवनिर्मित गोष्टींच्या शास्त्राची मांडणी केली होती.

दुसरी शाखा उत्तर युरोपातली. १९७०च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेत क्रिस्टन न्यूगोर यांनी लोखंड व धातू कामगारांच्या संघटनेबरोबर काम केले. कारखान्यात संगणक येणार तर त्याची रचना ठरवताना कामगारही बसले पाहिजेत, ही त्या कामाची भूमिका होती. यात वापरणारा पाहण्याचा विषय राहत नाही, तो निर्णयात भागीदार होतो. हा फरक मोठा आहे, आणि पुढे हीच गोष्ट सर्वांत आधी विसरली गेली.

बाकीचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. १९८७ मध्ये पीटर रो यांच्या वास्तुरचनेवरील पुस्तकाने ‘डिझाइन थिंकिंग’ हे नाव मथळ्यावर घेतले. १९९१ मध्ये डेव्हिड केली यांच्या पुढाकाराने आयडिओ ही कंपनी आकाराला आली. सॅप कंपनीचे एक संस्थापक हासो प्लाटनर यांच्या देणगीतून २००५ च्या सुमारास स्टॅनफर्डला या रीतीची स्वतंत्र शाळा सुरू झाली. २००८ मध्ये आयडिओचे टिम ब्राउन यांनी हार्वर्डच्या व्यवस्थापन मासिकात तिच्यावर लेख लिहिला, आणि ती जगभरच्या कंपन्यांत पोहोचली.

भारतात ही वंशवेल त्याआधीच आली होती. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकी दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी साध्या लोट्याचे उदाहरण घेतले होते. तो कमरेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलला जातो, भरलेला आणि रिकामा असताना त्याचा तोल कसा बदलतो, ओतताना काय होते, हे सगळे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्यांनीच सोडवत आणले, असे त्यांचे निरीक्षण होते. त्या अहवालाच्या पायावर १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. १९६९ मध्ये मुंबईच्या आयआयटीत इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघाले. त्याच्या उभारणीत थेट उल्मला शिकून आलेले सुधाकर नाडकर्णी होते. उल्मचे बी महाराष्ट्रात रुजले ते असे.

मराठवाड्यात मात्र हीच रीत कुठल्याही शाळेतून आली नाही. ती एका आपत्तीतून आली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या जिल्ह्यांच्या सीमेवर भूकंप झाला. आदल्या रात्री गणेश विसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. सुमारे ८,००० माणसे गेली. उस्मानाबादच्या बाजूला सर्वाधिक हानी झालेल्या गावांत सास्तूर होते. ते तेव्हा उमरगा तालुक्यात होते, आज लोहारा तालुक्यात आहे. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात याहून मोठे भूकंप कितीतरी झाले आहेत. इथे माणसे मेली ती घरांच्या बांधणीमुळे, म्हणून ती बांधणी नीट पाहायला हवी.

या भागातले जुने घर म्हणजे दगड-मातीच्या भिंती आणि वर माळवद. भिंत दोन-अडीच फूट जाड, काही वाड्यांत त्याहूनही जास्त. बाहेरून ती एकसंध दिसते, पण आत दोन वेगळे पदर असतात आणि मधल्या पोकळीत दगडगोटे व मातीची भर. या पदरांना जोडणारा, आरपार जाणारा लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हताच. हादरा बसला की दोन्ही पदर फुगून एकमेकांपासून सुटतात आणि भिंत ढासळते. माळवदाची गोष्ट वेगळी. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी गळती थांबवायला नवी माती टाकायची, हे दरवर्षीचे काम. जुनी माती मात्र काढली जात नसे. त्यामुळे छत वर्षागणिक जड होत गेले. घरातल्या माणसांना यात काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते. जाड भिंत आणि मातीचे छत उन्हाळ्यात घर गार ठेवते, चोराचिलटाचे भय राहत नाही आणि सारे साहित्य गावशिवारातलेच. शिवाय हा भाग तोवर भूकंपाच्या दृष्टीने देशातल्या सर्वांत सुरक्षित भागांपैकी समजला जाई.

पुनर्वसनासाठी राज्याने १९९४ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जातून महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला. त्याच्या दोन वाटा इथे महत्त्वाच्या आहेत, कारण एकाच आपत्तीवरचे दोन तोडगे त्यांत शेजारी शेजारी दिसतात.

पहिली वाट स्थलांतराची. सास्तूरसह सर्वाधिक उद्ध्वस्त अशी ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. जमीनधारणेप्रमाणे घराचे तीन आकार ठरले: २५०, ४०० आणि ७५० चौरस फूट. साहित्य पक्के, रस्ते रुंद, घरे सरळ ओळीत. ग्रामसभा झाल्या, आराखडे दाखवले गेले आणि लोकसहभागाच्या कामासाठी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे साहाय्य घेतले गेले. हजारो कुटुंबांना थोड्या वर्षांत मजबूत छप्पर मिळाले, हे काम लहान नव्हते. तरीही घराचा मूळ नमुना शहरी सदनिकेचा राहिला. जुन्या घरात शिरताना आधी ढाळज, म्हणजे दारालगतची झाकलेली बैठक लागे, मग अंगण. बायकांची निम्मी कामे त्या अंगणात, चार भिंतींच्या आडोशाला चालत. नव्या घराचे दार थेट रुंद रस्त्यावर उघडे. बैलांचा गोठा, कडब्याची गंज, अवजारे, धान्य ठेवायची जागा या गोष्टी नकाशात नीट बसल्या नाहीत. भावकी आणि आळी विखुरली. सिमेंटच्या छताखाली उन्हाळा काढणे कठीण झाले. हळूहळू लोकांनी पुढे पत्र्याच्या शेड काढल्या, कुंपणे घातली, चुली बाहेर नेल्या. नकाशात जे राहून गेले होते ते रहिवाशांनी स्वतःच्या खर्चाने भरून काढले. आराखडा दाखवून संमती घेणे आणि आराखडा आखण्याआधी दिवसभर त्या घरात काय चालते ते पाहणे, यांत किती अंतर आहे हे या गावांत आजही पाहता येते.

दुसरी वाट दुरुस्ती आणि मजबुतीकरणाची. ज्या गावांत घरे तडकली पण उभी होती, तिथली दोन लाखांच्या आसपास घरे जागीच सुधारायची होती. पैसा सरकारचा, काम घरमालकाचे, तपासणी अभियंत्याची. इथे अडचण नेमकी कोणती हे ओळखणे फार मोलाचे ठरले. अभियंत्यांपुढचा प्रश्न तांत्रिक होता आणि त्याचे उत्तर भारतीय मानक ब्युरोच्या १९९३ च्या मार्गदर्शिकेत बरेचसे होते: दगडी भिंत ४५० मिलिमीटरहून जाड नको, आरपार दगड उभ्या दिशेने दर ६०० मिलिमीटरवर आणि आडव्या दिशेने दर १.२ मीटरवर हवा, भिंतींवरून सलग पट्टा फिरवावा. पण लोकांचा प्रश्न निराळा होता. दगडाने माणसे मारली होती. दगडाच्या घरात पुन्हा झोपायची कोणाचीच तयारी नव्हती. अनेक कुटुंबे घर उभे असूनही महिनोन्‌महिने बाहेर पत्र्याखाली राहिली. ही भीती मोडल्याशिवाय कोणतीही मार्गदर्शिका उपयोगाची नव्हती.

ती मोडली नमुन्याच्या घरांनी. अभियंता राजेंद्र देसाई आणि वास्तुविशारद रूपल देसाई या दांपत्याने या भागात जुन्याच घरांवर मजबुतीकरण करून दाखवले. भिंतीतला एक दगड हळूच सैल करून काढायचा, मग आतली भर हाताने कोरत पलीकडच्या पदरापर्यंत भोक न्यायचे, दोन्ही टोके वळवलेली सळई त्यात ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. भिंत न पाडता तिचे दोन पदर असे एकमेकांना बांधले जातात. याला मोठे यंत्र लागत नाही, गावचा गवंडी हे काम करतो. माळवदावरची वर्षानुवर्षांची जादा माती उतरवायची, खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरपे लाकूड ठोकायचे. शेजारणी येऊन हे काम होताना पाहत आणि हवे ते विचारत. कागदावरच्या नकाशापेक्षा त्या एका भिंतीने जास्त लोकांना पटवले, असे म्हणायला हरकत नाही.

याच वाटेवर प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखालील स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेवर लोकसहभागाची जबाबदारी आली. संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या आणि त्यांना ‘संवाद सहायक’ हे पद मिळाले. दिवसभर घरात राहते ती बाई, म्हणून घराविषयी तिच्याशी बोलायला हवे, हा त्यामागचा सरळ विचार होता. संवाद सहायक घरोघर जाऊन हप्ता केव्हा मिळतो, काय बांधायचे, काय टाळायचे हे सांगत. अभियंत्याबरोबर पाहणीला उभ्या राहत आणि गवंड्याने आरपार जोड घातला की नाही ते तपासत. सरपंचांच्या व अधिकाऱ्यांच्या बैठकांत कधी न बसलेल्या बायका सळईच्या मापावर बोलू लागल्या. न्यूगोर यांनी नॉर्वेच्या कामगारांसाठी जो भागीदारीचा हक्क मागितला, तो इथे त्यांचे नावही न ऐकलेल्या बायकांनी कामातून मिळवला. २००१ च्या गुजरातमधील भूकंपानंतर याच भागातल्या बायका कच्छला गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगितला.

पुढे या बायकांच्या जाळ्याने हीच रीत एका वस्तूच्या घडणीत वापरली. २००५ च्या सुमारास बीपी ही तेलकंपनी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि स्वयम् शिक्षण प्रयोग यांनी मिळून कमी धुराच्या शेगडीचे काम सुरू केले. नमुने महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरांत वापरायला दिले गेले आणि बायकांच्या सूचनांनुसार बदलले गेले. त्यातून तयार झाली ‘ऊर्जा’ शेगडी. तिच्यात लहानसा पंखा बॅटरीवर चाले आणि शेतातल्या टाकाऊ मालापासून दाबून केलेल्या कांड्या जळत. गावातल्या बायकाच ती विकत. लाखो शेगड्या खपल्या. पण कांड्यांचा कच्चा माल महागला, कांड्यांची किंमत चढली आणि घरोघरचा वापर टिकला नाही. व्यवसाय पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे गेला आणि हळूहळू हॉटेलांच्या व मोठ्या स्वयंपाकघरांच्या इंधनाकडे वळला. शेगडीबद्दल बायकांना बारकाईने विचारले होते. इंधन कुठून येईल आणि त्याचा भाव कोण ठरवील, हे मात्र त्यांच्या हाती नव्हते. अपयश रीतीचे नव्हते, प्रश्नाची सीमा शेगडीपाशीच आखली गेली होती.

पुढच्या प्रयोगात ती सीमा रुंदावली. २०१२ च्या दुष्काळानंतर या जिल्ह्यांत ‘एक एकर’ शेतीचा नमुना पसरला. बाईने घरच्यांकडून अर्धा ते एक एकर मागून घ्यायचा आणि त्यात नगदी पिकाऐवजी डाळी, भरड धान्ये, भाजीपाला घ्यायचा. पेरायचे काय, खत कोणते, घरात किती ठेवायचे आणि विकायचे किती, हे सारे तीच ठरवते. या कामासाठी स्वयम् शिक्षण प्रयोगाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.