लग्न, हॉल आणि अंगण

तर झालं असं, की आमचं ठरलं. आणि ठरल्याच्या दुसऱ्याच रविवारी मी, आई आणि बाबा अंधेरी ते बोरिवली हॉल बघत फिरलो. पाच हॉल झाले. त्यातल्या सगळ्यात स्वस्त हॉलचं एका दिवसाचं भाडं तीन लाख. रिक्षात बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मात्र पी. एफ.चे कागद काढून बसले. त्यांना रिटायर व्हायला तेव्हा दोन वर्षं होती.

मी म्हटलं, "बाबा, मोकळ्यावर करूया ना कुठेतरी."

"आपण काय सिनेमातले आहोत? लग्न हॉलमध्येच होतं. पद्धत आहे ती."

आता आमच्या धंद्यात कुणी 'पद्धत आहे' म्हटलं की पहिला प्रश्न पडतो, कधीपासून? मग पुढचे तीन-चार वीकेंड मी हाच उद्योग केला.

सुरुवात शब्दांपासून केली. सीमांतपूजन म्हणजे काय? सीमांत म्हणजे गावाची शीव. वऱ्हाड आलं की वधूपक्षाने शिवेवर जाऊन त्यांचं स्वागत करायचं. आता ते हॉलच्या दुसऱ्या मजल्यावर, एसीत होतं. मुहूर्तमेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. तो जमिनीत रोवून त्याला आंब्याचा टाळा बांधायचा. आता जमीनच नाही, म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यात माती भरून त्यात काठी उभी करतात! गोरज मुहूर्त म्हणजे गुरं रानातून परतताना धूळ उडते ती वेळ. आणि सगळ्यात भारी म्हणजे ध्रुव आणि अरुंधती दर्शन. सप्तपदीनंतर नवरा-नवरीला तारे दाखवायचे. हॉलमध्ये गुरुजी छताकडे बोट करतात आणि आपण ट्यूबलाइटला नमस्कार करतो.

जुन्या प्रोग्रॅममध्ये कोड बदललेला असतो पण कॉमेंट तशाच राहिलेल्या असतात ना, तसं आहे हे. विधींची नावं सगळी उघड्यावरची आणि विधी बंद खोलीत.

मग आजीला विचारलं. तिचं लग्न साठच्या दशकातलं, रत्नागिरी जिल्ह्यातलं. वैशाखात पिकं निघून गेली की घरापुढचं खळं रिकामं असायचं. ते शेणाने सारवायचं, पोफळीचे खांब, वर नारळाच्या झावळ्या, की झाला मांडव. पत्रावळी गावातल्यांनीच लावल्या. "भाडं कसलं? खळं काय भाड्याने घ्यायचं?" आजीला प्रश्नच कळला नाही.

तुम्ही म्हणाल हे कोकणात ठीक आहे, मुंबईचं काय? तर मुंबईतही लांब जायला नको. ऑफिसातली माझी एक मैत्रीण मरोळच्या गावठाणातली, ईस्ट इंडियन. ही इथलीच मूळची मराठी बोलणारी ख्रिस्ती मंडळी. ईस्ट इंडियन हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास घेतलं. त्यांच्याकडे अजूनही घरापुढे मांडव पडतो आणि लग्नाच्या आदल्या दिवशी घुमटाच्या तालावर विहिरीवरून 'उंबराचं पाणी' आणतात. वेसाव्याच्या कोळीवाड्यातल्या हळदी तर रस्त्यावरच रंगतात. बाबा ज्याला सिनेमातलं म्हणत होते ते आमच्या अंधेरीतच, अर्ध्या तासावर चालू होतं.

मग हॉल आला कुठून? माझ्या मते तो अंगण गेलं म्हणून आला. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. तोवर ही वेगळी गावं होती, आणि वाड्या, शेतं, विहिरी सगळं घराच्या आजूबाजूला. मग लोकसंख्या वाढली, वाड्यांच्या जागी चाळी आल्या, चाळींच्या जागी इमारती. दहा बाय बाराच्या खोलीत लग्न मावेना म्हणून ते चाळीच्या चौकात आलं, मग गच्चीवर गेलं, आणि चौक-गच्ची दोन्ही अपुऱ्या पडल्यावर कार्यालयात. म्हणजे हॉल ही गैरसोयीतून काढलेली वाट. दोन पिढ्यांत तिची पद्धत झाली, आणि पद्धत झाली की तिचं भाडं वाढतं.

पद्धत बदलता येते हेही काही नवीन नाही. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन केला आणि तीनच महिन्यांत, २५ डिसेंबरला, पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. पुरोहित नाही, खर्च जवळजवळ नाही, सावित्रीबाईंचा पुढाकार. त्या लोकांनी केवढा विरोध सोसला! त्यापुढे हॉल नको म्हणणं म्हणजे काय मोठंसं?

कायदाही वाचला (होय, मी ती मुलगी आहे). १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं कलम ७ रीतीरिवाजांबद्दल बोलतं, जागेबद्दल एक अक्षर नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचं कलम १२ तर स्पष्टच सांगतं, की लग्न विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावता येतं किंवा तिथून वाजवी अंतरावर, जोडप्याला हव्या त्या ठिकाणी, जादा फी भरून. म्हणजे झाडाखालीसुद्धा!

आता फक्त झाड शोधायचं होतं. बोरिवलीचं नॅशनल पार्क आम्हीच बाद केलं. बिबट्यांच्या घरी सनई नको. समुद्रकिनाऱ्यावरची रिसॉर्ट हॉलपेक्षा महाग निघाली.

उत्तर मावशीकडे होतं. एप्रिल २०२१ मध्ये करोनामुळे लग्नाला २५ माणसं आणि २ तास एवढीच परवानगी होती, तेव्हा मावसभावाचं लग्न तिने मुलुंडला घरीच उरकलं होतं. कुणाचं काही अडलं नव्हतं. तिची तीन मजली जुनी इमारत, मागे कंपाउंड, त्यात एक आंबा आणि एक बदाम. मावशी म्हणाली, "गाड्या एक दिवस बाहेर लावू. पुढच्या वर्षी बिल्डिंग पाडणारच आहेत, एक लग्न तरी बघू दे तिला."

सोसायटीला देणगी, मांडववाला, दीडशे पानं, पोलिसांची परवानगी. सगळं मिळून त्या स्वस्त हॉलच्या नुसत्या भाड्यापेक्षा कमी झालं. बाबांची एकच अट होती, "पाहुण्यांना मी सांगणार नाही, तू सांग." सांगितलं. पी. एफ.चे कागद परत कपाटात गेले.

लग्न मे महिन्यात, गोरज मुहूर्तावर. मुहूर्तमेढ खऱ्या मातीत रोवली. पंगत उठली, दहाला लाउडस्पीकर बंद करायचा असतो, आम्ही साडेनवालाच केला. मग गुरुजींनी विचारलं, "अरुंधती दाखवायची ना?"

ध्रुव मुंबईतून क्षितिजाच्या जेमतेम १९ अंश वर असतो, तो शेजारच्या इमारतीमागे गेलेला. पण मेमध्ये रात्री सप्तर्षी उत्तरेला चांगले उंच असतात. शेपटाकडून दुसरा तारा वसिष्ठ, आणि त्याला चिकटून बारीकशी अरुंधती. मुंबईच्या उजेडात ती सहज दिसत नाही, म्हणून मित्राची दुर्बीण मागवून ठेवली होती. मी बघितली, ह्याने बघितली. मग आईने दुर्बीण घेतली.

तिचं लग्न दादरच्या एका हॉलमधलं. बराच वेळ ती बघत राहिली. मग म्हणाली, "आम्हाला पंखा दाखवला होता गं."

बाबा शेजारीच उभे होते. काही न बोलता त्यांनी दुर्बीण मागून घेतली.

ती इमारत आता नाही. आंबाही गेला. बावीस मजली टॉवर होतोय तिथे, खाली सगळं पार्किंग. तुमच्या ओळखीत असं एखादं कंपाउंड अजून शिल्लक असेल आणि घरात कुणाचं ठरलं असेल, तर हॉलचा ॲडव्हान्स भरण्याआधी एकदा वर बघून या. आभाळ दिसतंय का तेवढं.

असो. पुढच्या वीकेंडला भेटू.